उकळीच्या आधी

जपानी घरात सूप करायचं म्हणजे आधी ‘दाशी’ करायची, आणि दाशीची सुरुवात बहुतेक वेळा कोंबूने होते. कोंबू म्हणजे होक्काइदोच्या थंड समुद्रात वाढणारं, पट्ट्यासारखं लांब, जाड शैवाल. ते वाळवून विकतात. पाकिटातून काढलेली पट्टी काळपट दिसते आणि तिच्यावर पांढरी भुकटी असते. आपला हात लगेच नळाकडे जातो. तो आवरायचा. ती भुकटी बुरशी नव्हे, मॅनिटॉल आहे. शैवाल वाळताना आतूनच वर आलेला हा गोडसर पदार्थ धुतला तर चवही त्याच्याबरोबर वाहून जाते. ओलसर फडक्याने वाळू पुसली की पुरे.

एक लिटर पाण्याला साधारण 10 ग्रॅम कोंबू घ्यावा. निवांतपणा असेल तर रात्री पाण्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावा. सकाळी दाशी तयार असते, गॅस पेटवावाच लागत नाही. घाई असेल तर अर्धा तास भिजवून भांडं अगदी मंद आचेवर ठेवायचं. दहाएक मिनिटांनी तळाशी बारीक बुडबुडे धरू लागले की पट्टी बाहेर काढायची. आमटी खळखळून उकळल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, पण इथे कढीची शिस्त पाळावी लागते: नजर भांड्यावर आणि हात गॅसच्या बटणावर. कोंबूतलं ग्लुटामेट गार पाण्यातही सावकाश उतरतं. जोराच्या उकळीने मात्र अल्जिनेटसारखे चिकट पदार्थ सुटतात, दाशी बुळबुळीत होते आणि समुद्राचा उग्र वास चढतो. बोअरचं जड पाणी असेल तर चव नीट उतरत नाही, म्हणून शक्यतो मऊ पाणी वापरावं.

या चवीचं रहस्य 1908 मध्ये तोक्यो इम्पीरियल विद्यापीठातले रसायनतज्ज्ञ किकुनाए इकेदा यांनी उकललं. त्यांनी कोंबूतून ग्लुटामिक आम्ल वेगळं केलं आणि त्या चवीला ‘उमामी’ म्हटलं. पुढच्याच वर्षी त्याचं मीठ बाजारात आलं, ‘अजिनोमोटो’ या नावाने. चायनीजच्या गाडीवरची ती बदनाम पांढरी पूड मुळात या पट्टीतून निघाली, हे मला फार गमतीचं वाटतं.

कोंबूला जोडीदार मिळाला की दाशीला खरी खोली येते. नेहमीचा जोडीदार म्हणजे कात्सुओबुशी: कुप्याच्या कुळातला मासा धुरी देऊन लाकडासारखा टणक वाळवतात आणि त्याचा कीस काढतात. त्यातलं इनोसिनेट ग्लुटामेटला भेटलं की चव बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. बौद्ध मठांच्या शाकाहारी स्वयंपाकात माशाची जागा वाळवलेले शिताके मश्रूम घेतात. त्यांतलं ग्वानिलेट तेच काम करतं. शाकाहारी वाचकांनी हीच वाट धरावी. तयार दाशी पावडरीत मात्र बहुधा मासा असतो, पाकीट वाचूनच घ्यावी.

आता मिसो सूप. यात खाण्यासाठी घालतात ते शैवाल वेगळं, वाकामे. ते पातळ आणि मऊ असतं. वाळलेले तुकडे चिमूटभरच घ्यावेत, कारण पाण्यात ते कितीतरी पटींनी फुगतात. मूठभर घातले तर वाटीत फक्त शैवालच उरेल. पाच मिनिटं गार पाण्यात भिजवून पिळून ठेवावेत. दाशीत टोफूचे तुकडे गरम करावेत, वाकामे शेवटी घालावं आणि गॅस बंद करून मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा घट्ट लगदा) गाळणीतून विरघळवावा, वाटीला साधारण एक मोठा चमचा. मिसो घातल्यावर पुन्हा उकळलं तर त्याचा सुगंध जातो. मिसो खारट असतो, त्यामुळे वेगळं मीठ लागत नाही.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नये. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, आणि कोंबूच्या एका ग्रॅममध्येच त्याच्या कित्येक पट आयोडीन असू शकतं. ते पाण्यात उतरतं, म्हणून पट्टी काढून टाकली तरी दाशीत राहतंच. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी किंवा गरोदर बायकांनी आधी डॉक्टरांना विचारावं. इतरांनीही रोज वाडगाभर पिऊ नये.

काढलेली पट्टी फेकायची नसते. बारीक चिरून सोया सॉस, साखर आणि थोड्या पाण्यात मंद आचेवर पाणी आटेपर्यंत शिजवली की त्सुकुदानी होतं. ते चांगलंच खारट-गोड असतं. वाफाळत्या भातावर जरासंच घ्यायचं.