केळी बंद केली, तरी अंगाला खाज का? फॉस्फरसच्या गोळीची वेळ चुकत तर नाही ना?

जळगाव-धुळ्यात किडनीचा आजार निघाला, की घरात सर्वांत आधी केळी बंद होतात. रक्तात पोटॅशियम वाढले असेल, तर ते बरोबरच आहे. पण अंगाला सतत खाज आणि हाडांचे दुखणे यामागे बऱ्याचदा वाढलेला फॉस्फरस असतो. त्यासाठी डॉक्टर वेगळी गोळी देतात. ती वेळेवर घेतली नाही, तर वाया जाते.

फॉस्फरस का वाढतो?
निरोगी किडनी जादा फॉस्फरस लघवीवाटे बाहेर टाकते. रक्तात त्याचे प्रमाण साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. किडनी थकली की तो साठतो. हाडे ठिसूळ होतात, रक्तवाहिन्या कडक होतात आणि हृदयाला धोका वाढतो.

डायलिसिसने निघत नाही का?
पुरेसा नाही. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये साधारण ८०० ते १,००० मिलिग्रॅम फॉस्फरस निघतो. जेवणातून जवळपास तेवढा रोजच पोटात जातो. डायलिसिस मात्र आठवड्यातून दोन-तीनदाच होते.

गोळी कधी घ्यायची?
जेवतानाच. ही गोळी आतड्यात अन्नातल्या फॉस्फरसला धरून ठेवते आणि तो शौचावाटे बाहेर पडतो. रिकाम्या पोटी किंवा झोपताना घेतली, तर धरायला काहीच नसते. एखादे जेवण चुकले, तर त्या वेळची गोळीही घेऊ नका. सेव्हेलामरची गोळी अख्खी गिळायची असते, तर लॅन्थेनमची चावून खायची असते.

कोणती गोळी चांगली?
कॅल्शियम असिटेट आणि कॅल्शियम कार्बोनेट स्वस्त आहेत. पण जास्त झाल्यास कॅल्शियम रक्तवाहिन्यांत साचू शकते. सेव्हेलामरमध्ये कॅल्शियम नसते. ते महाग असते आणि काहींना बद्धकोष्ठता होते. रक्ताचे रिपोर्ट पाहून डॉक्टर निवड करतात. थायरॉइडची गोळी किंवा अँटिबायोटिक सुरू असेल, तर आधी सांगा. दोन्हींत अंतर ठेवावे लागते.

ताटात काय पाहावे?
डाळींतला फॉस्फरस शरीर पूर्ण शोषत नाही. कोला, प्रोसेस्ड चीज आणि पाकीटबंद पदार्थांत मिसळलेला फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळा शोषला जातो. पाकिटावर ‘फॉस्फेट’ हा शब्द शोधा. वरण-बट्टीसारखे जड जेवण असेल, तर गोळ्यांची विभागणी कशी करायची, हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

शेतात किंवा कामावर डबा नेत असाल, तर दुपारची गोळी डब्यासोबतच ठेवा. घरी आल्यावर घेतलेली गोळी त्या जेवणाच्या कामाची नाही.