फरशीखालचा जाळ

कोरियातल्या जुन्या घरात पाहुणा आला की त्याला जमिनीवर बसवायचे, आणि तेही खोलीच्या एका ठरावीक बाजूला. आजीआजोबांची जागाही तीच. हा कसला मान, असं वाटेल तुम्हाला. पण सोलमध्ये जानेवारीच्या रात्री पारा कधीकधी उणे १० अंशांच्याही खाली जातो. अशा वेळी बसायची जमीनच गरम असेल, तर खुर्ची हवीय कोणाला!

जमीन गरम करायच्या या जुन्या युक्तीचं नाव ओन्दोल. स्वयंपाकघर खोलीपेक्षा खालच्या पातळीवर बांधायचं आणि चुलीवर भाताचं मोठं लोखंडी भांडं चढवायचं. चुलीचा धूर मात्र वर सोडायचा नाही. त्याला शेजारच्या खोलीच्या जमिनीखाली पाठवायचं. तिथे दगडमातीचे लांबट बोळ असतात आणि त्यांच्यावर सपाट दगडी लाद्या. धूर बोळांतून सरपटत पलीकडच्या टोकाला जातो आणि तिथल्या धुराड्यातून बाहेर पडतो. जाता जाता आपली उष्णता लाद्यांना देतो. त्याच लाकडात भात शिजतो आणि खोलीही उबदार होते.

पण धूर तर वर जाणारा प्राणी! तो आडवा कसा चालतो? ही करामत त्या धुराड्याची. धुराड्यात शिरलेली गरम हवा हलकी असते, ती वर चढते आणि तिची जागा भरायला मागची हवा ओढली जाते. धुराडं बुटकं पडलं किंवा तुंबलं, की धूर उलटा फिरून स्वयंपाकघरात येणार.

चुलीजवळच्या लाद्या जाड असतात, त्यांच्यावरचा मातीचा थरही जाड असतो. लांबच्या टोकाला दोन्ही पातळ. सगळीकडे सारखी जाडी ठेवली, तर चुलीजवळ पाय भाजतील आणि पलीकडे गारठतील. एवढं करूनही चुलीकडची बाजू जास्त गरम राहतेच, म्हणून तर ती मानाची जागा. वडील उशिरा घरी येणार असले, की त्यांच्या भाताचं वाडगं तिथेच गोधडीखाली ठेवून द्यायचे. जाड दगड सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो, त्यामुळे संध्याकाळचा जाळ रात्रभर पुरतो. चिल्बुल्सा नावाच्या बौद्ध मठातली एक खोली एकदा तापवली की १०० दिवस गरम राहायची, अशी दंतकथा आहे. १०० दिवस जरा जास्तच झाले म्हणा, पण दंतकथेला कोण थर्मामीटर लावणार?

आता या कामातली खरी मेख. जमिनीखालून ऊब तेवढी वर यायला हवी, बाकी काहीही वर येता कामा नये. म्हणून लाद्यांच्या फटी मातीने लिंपायच्या, वर कागदाचे थर चिकटवायचे आणि सगळ्यात वरच्या जाड कागदाला तेल पाजायचं. एवढा खटाटोप कशासाठी? धुराने डोळे चुरचुरतात म्हणून? तेही आहेच. पण धुराबरोबर आणखी एक वायू येतो, तो चुरचुरतही नाही, दिसतही नाही आणि त्याला वासही नसतो.

तो म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. कोळशाला किंवा लाकडाला जळताना पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही, की हा तयार होतो. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनची ने-आण करतं. पण त्याला ऑक्सिजनपेक्षा कार्बन मोनॉक्साइड २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. मग ऑक्सिजनला जागाच उरत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तर यातलं काहीच कळत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोरियात लाकडाऐवजी कोळशाच्या भुकटीच्या, भोकं पाडलेल्या वड्या जाळू लागले. स्वस्त आणि तासन्तास धुमसणाऱ्या. जमिनीला कुठेतरी बारीक चीर गेलेली असायची, आणि थंडी म्हणून खिडक्या बंद. यात खूप माणसं दगावली. विषबाधा झालेल्याला मुळ्याच्या लोणच्याचं गार पाणी पाजायचा घरगुती उपायही होता. त्याने काही होत नसे. अशा माणसाला आधी मोकळ्या हवेत न्यायचं आणि लगेच दवाखान्यात, कारण औषध म्हणजे ऑक्सिजनच.

हे दूरदेशीचं म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे बंद बाथरूममधल्या गॅस गीझरमुळे अपघात होतात, त्यातला गुन्हेगार हाच. तुमच्या घरी तसा गीझर बाथरूमच्या आतच असेल, तर तो बाहेर हलवायचा हट्ट आजच धरा. असे हट्ट चांगले.

मग कोरियन लोकांनी काय केलं? जमीन गरम ठेवली, धूर तेवढा हाकलला! आता बॉयलरमध्ये पाणी तापतं आणि ते फरशीखालच्या नळ्यांतून फिरतं. असं पाणी त्याआधीच अमेरिकेतल्या काही घरांतही फिरत होतं. फ्रँक लॉइड राइट या वास्तुविशारदाला जपानमध्ये एका श्रीमंताच्या घरी कोरियन पद्धतीची गरम खोली पाहायला मिळाली आणि तो हरखूनच गेला. पुढे १९३७ साली मॅडिसन शहरात बांधलेल्या जेकब्स घरात त्याने जमिनीखालीच नळ्या घातल्या.

नळ्या टाकायचं काम बघायला मला फार आवडतं. आधी खाली उष्णतारोधक थर, नाहीतर ऊब खालच्या मजल्यावरच्यांना फुकट. मग प्लॅस्टिकची लांबच लांब नळी अंथरायची, तीही एकमेकींत गुंतलेल्या दोन चकल्यांसारखी. जाणारं गरम पाणी आणि परतणारं कोमट पाणी शेजारीशेजारी वाहतं, म्हणून फरशी सगळीकडे सारखी तापते. फरशीखाली नळीला सांधा नको, कारण गळती बहुधा सांध्यातच होते. सिमेंट ओतायच्या आधी नळीत दाबाने पाणी भरतात आणि दाबमापकाचा काटा हलतो का, ते बघत बसतात. काटा उतरला की कुठेतरी भोक आहे. सिमेंट ओततानाही दाब तसाच ठेवतात. कोणाचं फावडं नळीला लागलंच, तर तेव्हाच कळावं.

त्यानंतर सगळ्यात अवघड काम, म्हणजे वाट पाहणं. सिमेंटचा थर असेल तर निदान २१ दिवस बॉयलर सुरू करायचा नाही. घाईने तापवलं की सिमेंट तडकतं. सुरुवातही २५ अंशांच्या कोमट पाण्याने करतात.

फरशी तापवायची तरी किती? युरोपातल्या नियमाप्रमाणे बसाय-उठायच्या जागी २९ अंशांपर्यंतच. एवढीशीच? चहा तर याच्या दुपटीहून गरम असतो! पण चहाचा कप तुम्ही सहा तास पोटाशी धरून झोपत नाही. त्वचा ४४ अंशांच्या वस्तूला तासन्तास चिकटून राहिली, तर तेवढ्यानेही भाजते. आणि झोपेत ते लक्षातही येत नाही.

काही घरांत नळ्यांऐवजी विजेच्या तापणाऱ्या तारा असतात. हे काम जाणकार वायरमननेच करायचं. तो तारेचा रोध तीनदा मोजतो: तार खोक्यातून काढल्यावर, अंथरल्यावर आणि वर फरशी बसल्यावर. आकडा बदलला, तर तार कुठेतरी दुखावलीय. तार तारेवरून न्यायची नाही, लांब झाली म्हणून कापायची नाही, आणि वीज जरा जरी गळली तरी क्षणात प्रवाह तोडणारा स्विच हवाच. वर कपाट किंवा जाड गादी ठेवली, तर उष्णता अडकून तार जास्त तापते.

नळ्या असोत की तारा, त्या झाकायच्या आधी भिंतीपासूनची मापं दिसतील असे फोटो काढून ठेवतात. पुढे दहा वर्षांनी कोणी हौसेने ड्रिल घेऊन फरशीला भोक पाडायला बसला, तर आधी तो फोटो बघायचा. घर विकलं, तर किल्ल्यांबरोबर तोही नव्या मालकाला द्यायचा.