दातांवरून कुलनिर्णय

लुप्त मांसभक्षक सस्तन प्राण्यांचे पुष्कळदा दातच तेवढे हाती लागतात. मग कुळ ठरवावे कसे? मांस कातरणारी दाढ जबड्यात कोठे आहे, हे पाहून. मांजर-कुत्र्यांच्या गणात वरची चौथी उपदाढ व खालची पहिली दाढ मिळून कातर होते. हायनोडॉनच्या लुप्त गणात मुख्य कातर आणखी मागे, वरच्या दुसऱ्या व खालच्या तिसऱ्या दाढेची असते.

केनियात सापडलेला एक प्रचंड जबडा नैरोबीच्या संग्रहालयात कित्येक वर्षे पडून होता. २०१९ साली बोर्थ्स व स्टीव्हन्स ह्यांनी तो ह्याच लुप्त गणातला ठरवून प्राण्यास ‘सिंबाकुब्वा’, म्हणजे ‘मोठा सिंह’, असे स्वाहिली नाव दिले. नाव सिंहाचे, गण मात्र निराळा! आहार एक म्हणून दात सारखे दिसतात. तेवढ्यावरून गोत्र सांगू नये, इतकेच आमचे वाचकांस सांगणे.