घरचे संस्कार, जगाचे ज्ञान

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर अंजुमन-ए-इस्लाम ही शिक्षणसंस्था आहे. इंग्लंडमध्ये शिकून १८६७ साली बॅरिस्टर झालेले बद्रुद्दीन तय्यबजी व त्यांचे सहकारी यांनी ती १८७४ मध्ये स्थापन केली. इंग्रजी शिक्षणाने धर्म दुरावेल, अशी धास्ती त्या काळी मुस्लिम समाजात होती. संस्थेने उर्दू व धर्मशिक्षणास आधुनिक विषयांची जोड देऊन ती दूर करण्याचा प्रयत्न केला. १८८७ मध्ये मद्रास येथे राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद भूषविताना तय्यबजींनी सर्वधर्मीयांच्या एकजुटीचा पुरस्कार केला. खोडाळ्याच्या वारली, कोकणा मुलांनाही घरची बोली उंबरठ्यावर ठेवूनच शाळेत यावे लागते. आपले जपून जग जाणण्याची ही वाट त्यांच्यासाठीही मोलाची आहे.