अखेरच्या सोबतीचा ताण : महासाथीतील हॉस्पिसच्या परिचारिका



२६ मार्च २०२० पासून दहा आठवडे, दर गुरुवारी रात्री आठ वाजता, आपण ब्रिटनमधल्या आपापल्या दारात उभे राहून आरोग्यसेवकांसाठी टाळ्या वाजवल्या. योगायोग असा की फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला दोनशे वर्षे होत असल्याने जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे परिचारिका आणि सुईणींचे वर्ष म्हणून आधीच जाहीर केले होते! त्या दिवसांत बातम्यांत दिसत ते अतिदक्षता विभाग आणि व्हेंटिलेटर. पण जे रुग्ण बरे होणार नव्हते, त्यांच्या उशाशी बसणाऱ्या परिचारिकांविषयी फारसे बोलले गेले नाही. आज थोडे त्यांच्याविषयी.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे काय?

आपल्याकडे पॅलिएटिव्ह केअर म्हटले की "डॉक्टरांनी हात टेकले" असाच अर्थ घेतला जातो. तो बरोबर नाही. आजार बरा होणे शक्य नसले तरी दुखणे, धाप, मळमळ, झोप न येणे, भीती या सगळ्यांवर पुष्कळ काही करता येते आणि ते करणे म्हणजेच ही सेवा. तिचा पाया घातला डेम सिसिली सॉन्डर्स यांनी. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातील समाजसेविका झाल्या आणि पुढे डॉक्टर. १९६७ मध्ये दक्षिण लंडनमधील सिडनम येथे त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मरणाऱ्या माणसाची वेदना फक्त शरीराची नसते. मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही असते, हे त्यांचे सांगणे आजही या क्षेत्राचा पहिला धडा आहे. भारतातले पहिले हॉस्पिस मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झाले, ते शांती आवेदना सदन. पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र १९९७ पासून हेच काम करते आहे.

मरण रोज पाहणाऱ्यांना ताण कसला?

हा प्रश्न बरेच जण विचारतात. खरे तर या परिचारिकांना मृत्यू नवा नसतो. त्यांनी हे काम समजून-उमजून निवडलेले असते. हॉस्पिसमध्ये एखाद्याचा शेवट शांतपणे झाला, मुले-नातवंडे जवळ होती, दुखणे आटोक्यात होते, तर दुःख होऊनही "आपण आपले काम नीट केले" हे समाधान घेऊन त्या घरी जातात. हे समाधानच त्यांना वर्षानुवर्षे टिकवून धरते.

महासाथीने नेमके तेच हिरावून घेतले. कसे, ते पाहू.

पहिली गोष्ट स्पर्शाची आणि चेहऱ्याची. या कामात हात हातात घेणे हेही औषधच. २०२० मध्ये मध्ये हातमोजे आले, तोंडावर मास्क आला, वर प्लॅस्टिकचा पडदा. ज्याला नीट ऐकू येत नाही, त्याला ओठांची हालचालही दिसेना. धीर द्यायचा तो फक्त डोळ्यांनी.

दुसरी गोष्ट कुटुंबाची. पॅलिएटिव्ह केअरमध्ये घरचे लोक हे पाहुणे नसतात, सेवेचाच भाग असतात. त्यांनाच दाराबाहेर ठेवण्याची पाळी आली. एप्रिल २०२० च्या मध्यावर इंग्लंडच्या आरोग्यमंत्र्यांनी अखेरच्या भेटीसाठी वाट मोकळी करण्याचे जाहीर केले, तरी अनेक ठिकाणी एकाच व्यक्तीला, तेही थोडा वेळ, आत सोडता येई. चार मुलांपैकी कोणी यायचे, हे फोनवर विचारायचे काम परिचारिकेचे. कुठे तिनेच टॅब्लेट रुग्णाच्या तोंडासमोर धरायचा आणि पलीकडचे रडणे ऐकत उभे राहायचे. आपल्या रीतीप्रमाणे तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र घालायला मुलगा पोचू शकत नसेल, तर ते कोण करणार? हे प्रश्न कुठल्याही नियमावलीत नव्हते.

तिसरी गोष्ट वेळेची. कर्करोगाच्या रुग्णाशी ओळख व्हायला आठवडे मिळतात. कोविडमध्ये काही रुग्णांची प्रकृती काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ढासळे. धाप कमी करायला मॉर्फिनची लहान मात्रा, तगमग शमवायला मिडाझोलाम, हे उपाय ठाऊक होते. पण त्या वसंतात औषधे आणि ती सावकाश टोचत राहणारे सिरिंज ड्रायव्हर पुरतील ना, याचीच धाकधूक होती. शिवाय घरी मृत्यू येणाऱ्यांचे प्रमाण खूप वाढले. त्यामुळे घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांवर एकटीने निर्णय घेण्याची वेळ वारंवार आली.

चौथी गोष्ट पैशाची. इथली बहुतेक हॉस्पिसे धर्मादाय संस्था आहेत. सरकारकडून खर्चाचा काही भागच मिळतो; उरलेला पैसा देणग्या, दुकाने आणि निधी गोळा करण्याच्या कार्यक्रमांतून येतो. टाळेबंदीत दुकाने बंद, कार्यक्रम रद्द. एप्रिल २०२० मध्ये सरकारने हॉस्पिसांसाठी २० कोटी पौंड जाहीर केले, तेव्हा थोडा श्वास मिळाला. पण "उद्या आपले हॉस्पिस चालू राहील ना?" ही काळजी कामाच्या काळजीत भरच घालत होती.

या ताणाला नाव आहे

आपण सरसकट "थकवा" म्हणतो, पण इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे बर्नआऊट. सततच्या कामाच्या ताणातून येणारी ही शक्तिहीनता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ती आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून नोंदवली. दुसरी म्हणजे मॉरल डिस्ट्रेस, आपण तिला नैतिक घुसमट म्हणू. अमेरिकन तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्या संदर्भातच ही कल्पना मांडली. योग्य काय ते मला कळते आहे, पण परिस्थिती किंवा नियम ते मला करू देत नाहीत, अशा वेळी मनात जे साचते ते हे.

हा फरक महत्त्वाचा आहे. थकवा सुट्टीने थोडाफार तरी उतरतो. घुसमट सुट्टीने जात नाही, कारण सुट्टीतही तो बंद दरवाजा आणि बाहेर उभी मुलगी डोळ्यांपुढे येते. तिच्यावर योगासने आणि प्राणायाम सुचवणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे!

आपल्या भारतीय परिचारिकांचा भार तर दुहेरी होता. ब्रिटनमध्ये वांशिक अल्पसंख्याकांना कोविडने मृत्यूचा धोका अधिक असल्याचे सरकारी अहवालाने जून २०२० मध्ये सांगितले. घरी लहान मुले, सासू-सासरे. संसर्ग आपणच आणू ही भीती. त्यातच मार्च २०२० मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने थांबवली. म्हणजे इथे दुसऱ्यांच्या आईवडिलांच्या उशाशी बसायचे आणि आपली आई तिकडे आजारी पडली तर फोनवरच रडायचे.

आणखी एक गंमत पाहा. "देवदूत", "वीर" ही विशेषणे प्रेमाने दिली गेली, पण वीराला तक्रार करता येत नाही. रडू आले तर तो कसला वीर?

मग उपयोग कशाचा होतो?

एखादा मृत्यू झाल्यावर सगळ्यांनी दहा मिनिटे एकत्र बसून त्या माणसाविषयी बोलणे, अनुभवी सहकाऱ्याजवळ नियमित मन मोकळे करणे, नियम ठरवताना परिचारिकांना विचारणे, हे साधे उपाय. ब्रिटनमध्ये २००९ पासून "श्वार्ट्झ राऊंड्स" नावाच्या बैठका होतात. बॉस्टनमध्ये सुरू झालेल्या या पद्धतीत डॉक्टरांपासून सफाई कामगारांपर्यंत सगळे एकत्र बसून आजाराविषयी नव्हे, तर कामाचा मनावर काय परिणाम झाला याविषयी बोलतात. ही जबाबदारी संस्थेची आहे, एकट्या परिचारिकेची नव्हे.

आपण काय करू शकतो?

पुष्कळ! घरातल्या ज्येष्ठांशी वेळेत बोलून त्यांच्या इच्छा लिहून ठेवा: शेवटी कुठे राहायला आवडेल, कोणते उपचार नकोत, तुळशीपत्र आणि गंगाजल हवे का, जवळ कोण हवे. रुग्णाला काय हवे होते हे ठाऊक असले की परिचारिकेची घुसमट निम्मी होते. आजारपणात आजी-आजोबा इंग्रजी विसरून मराठीत बोलू लागतात, "दुखते का?", "पाणी हवे का?" असे पाच-सहा प्रश्न इंग्रजी लिपीत लिहून पलंगाजवळ लावा. आपल्या गावातल्या हॉस्पिसच्या दुकानाला जुन्या वस्तू द्या.

आणि हो, आपल्या ओळखीत कोणी हे काम करत असेल तर "आता सवय झाली असेल ना?" असे विचारू नका. सवय मरणाची होते, निरोप अर्धवट राहण्याची होत नाही. २०२० किंवा २०२१ मध्ये ज्यांनी इथे आपले माणूस गमावले, त्यांनी जमल्यास त्या वॉर्डाला किंवा हॉस्पिसला आजही दोन ओळींचे पत्र पाठवावे. दाराबाहेर राहिलेल्या त्या कुटुंबाचे पुढे काय झाले, हे कित्येक परिचारिकांना कधीच कळले नाही. तुमच्या दोन ओळींनी त्यांना ते कळेल.