मधल्या फळीतला खेळ

गिल्डेड व्हेल नावाच्या गावात शिरलं की वाट एका मोठ्या झाडापाशी येते. फांद्यांना फासावर चढवलेली माणसं लटकताहेत आणि खाली एडेर नावाचा एक जुना सैनिक पाइप ओढत उभा आहे. आपण हे सगळं घारीच्या नजरेनं, उंचावरून पाहतो. माणसं बोटाच्या पेराएवढी. त्या लटकलेल्यांपैकी एका बाईचा आत्मा आपल्याशी बोलू लागतो, तेव्हा तिचा चेहरा जवळून दिसत नाही, ओठ हलत नाहीत. पडद्याच्या खालच्या बाजूला एक चौकट उघडते आणि तिच्यात मजकूर येऊ लागतो. तिच्या आवाजातली धाप, आजूबाजूची थंडी, हे सगळं लिहिलेलं असतं. पहिल्यांदा तिथं पोचलो तेव्हा मी माउसवरचा हात काढून घेतला आणि पुस्तकाचं पान वाचावं तसं ते वाचलं. व्हिडिओ गेम खेळताना असं फार कमी वेळा झालंय.

या गेमचं नाव ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन शहरातल्या ऑब्सिडियन एंटरटेनमेंट या स्टुडिओनं तो केला आणि २६ मार्च २०१५ रोजी तो बाजारात आला. रोल-प्लेइंग गेम या जातीचा हा खेळ. म्हणजे खेळाडूनं एक माणूस घडवायचा, त्याची जात-जमात, ताकद, बुद्धी, पूर्वायुष्य ठरवायचं आणि मग त्याच्या वतीनं निर्णय घेत एक लांबलचक गोष्ट जगायची. या जातीचं मूळ १९७४ साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये आहे. टेबलाभोवती बसून, फासे टाकून, तोंडानं गोष्ट सांगत खेळायचा तो खेळ. संगणकावर त्याचं सर्वांत लाडकं रूप उतरलं ते १९९८ च्या ‘बाल्डर्स गेट’मध्ये, आणि पुढच्या दोन वर्षांत ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ आणि ‘आइसविंड डेल’मध्ये. पाठोपाठ आलेल्या त्या तीन खेळांनी एक पिढी वेडी केली.

ऑब्सिडियन स्थापन करणारी मंडळी त्याच परंपरेतली. त्या तिघांपैकी शेवटचे दोन खेळ करणारा, इंटरप्ले कंपनीचा ब्लॅक आयल हा विभाग मोडकळीला आला, तेव्हा फर्गस अर्कहार्ट आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी २००३ साली हा स्टुडिओ काढला. पण पुढची नऊ वर्षं त्यांचा संसार भाड्याच्या घरात झाला. ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’चा दुसरा भाग त्यांनी लिहिला, जग मात्र स्टार वॉर्सचं. ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ त्यांच्या हातून झाला, त्या नावाची मालकी बेथेस्डा या कंपनीची. हा खेळ आजही लोक डोक्यावर घेतात. पण समीक्षकांच्या गुणांची सरासरी ८५ झाली तरच स्टुडिओला बोनस मिळणार होता, आणि ती आली ८४. संस्थापकांपैकी एक, ख्रिस ॲव्हेलोन, यांनीच २०१२ मध्ये हे जाहीरपणे सांगितलं. एका गुणानं हुकलेल्या त्या रकमेत मला मधल्या आकाराच्या स्टुडिओची सगळी अवस्था दिसते. पडद्यावरची गोष्ट तुमची, कष्ट तुमचे. हिशेबाची वही दुसऱ्याच्या कपाटात.

त्या काळात हा मधला आकारच नाहीसा होत चालला होता. नवे कन्सोल आले, चित्रांची बारकाई वाढली आणि एकेक दगड, एकेक चेहरा घडवायला लागणारी माणसं दुप्पट-तिप्पट झाली. अमेरिकेत दुकानातल्या मोठ्या खेळाची किंमत मात्र ६० डॉलरवर खिळलेली. मग प्रकाशकांनी सरळ गणित मांडलं: खर्च करायचाच तर तो लाखो प्रतींची खात्री असलेल्या महाखेळावर करावा. दुसऱ्या टोकाला दोन-चार जणांनी घरात बसून केलेले छोटे खेळ इंटरनेटवरून विकले जाऊ लागले. या दोहोंच्या मध्ये पन्नास-साठ माणसांनी दोन-तीन वर्षांत करायचा, खूप लिहिलेला, संथ, विचार करायला लावणारा खेळ कोणालाच नको होता. उंचावरून दिसणारा, पीसीवरचा, वाचायला लावणारा तर नाहीच नाही.

मार्च २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ऑब्सिडियनकडे दिलेला एक मोठा प्रकल्प रद्द केला. स्टुडिओला जवळपास तीस माणसं काढावी लागली. त्याच महिन्यात डबल फाइन या स्टुडिओनं किकस्टार्टर या वर्गणी गोळा करण्याच्या संकेतस्थळावर थेट खेळाडूंकडून तीस लाखांहून अधिक डॉलर उभे करून दाखवले. आपणही तसंच करावं, असा आग्रह ॲडम ब्रेनेक आणि जॉश सॉयर या दोघांनी धरला. सॉयर इतिहासाचे विद्यार्थी, ‘आइसविंड डेल’पासून या धंद्यातले आणि ‘न्यू व्हेगस’चे दिग्दर्शक. १४ सप्टेंबर २०१२ रोजी ‘प्रोजेक्ट इटर्निटी’ या नावानं मागणी केली गेली: ११ लाख डॉलर. ते साधारण एका दिवसात जमले. १६ ऑक्टोबरला मोहीम संपली तेव्हा ७३,९८६ लोकांनी ३९,८६,९२९ डॉलर दिले होते. किकस्टार्टरवर तोवर कुठल्याच व्हिडिओ गेमला एवढे पैसे मिळाले नव्हते.

आपल्याला ही पद्धत परकी वाटायचं कारण नाही. प्रकाशनपूर्व सवलतीत नाव नोंदवायचं आणि दोन वर्षांनी घरी येणाऱ्या जाडजूड खंडांची वाट पाहायची, हे मराठी वाचक कितीतरी वर्षं करत आलाय. फरक एवढाच की इथं वर्गणी वाढेल तशी आश्वासनंही वाढत गेली. अमुक रक्कम झाली तर दुसरं मोठं शहर, तमुक झाली तर स्वतःचा किल्ला, आणि वर्गणीदार वाढत जातील तसतसं तळघर आणखी एक मजला खोल. ते तळघर अखेर १५ मजले खोल गेलं. सातव्या-आठव्या मजल्यावर उतरताना माझी दमछाक झाली, आणि गोष्टीला त्याची गरज होती असं मला आजही वाटत नाही. गावागावांत सोनेरी नावपट्ट्या लावून उभी असलेली माणसंही वर्गणीदारांचीच. त्यांच्या आत्म्यात डोकावलं की त्यांनी लिहून दिलेली कथा वाचायला मिळते. नवख्या खेळाडूला वाटतं, हे सगळं कथानकाचाच भाग आहे. तो एकेक वाचत बसतो आणि धागा हातातून सुटतो. या खेळातला हा खरा दोष आहे आणि तो पैशाच्या मार्गानं आत आलाय.

पण त्या पैशातून जे झालं ते पाहण्यासारखं आहे. चाळीस लाख डॉलर ही महाखेळाच्या हिशेबात किरकोळ रक्कम. तेवढ्यात जिवंत, चारी बाजूंनी फिरून पाहता येईल असं त्रिमिती जग होत नाही. म्हणून जुन्या खेळांची रीत परत आणली. प्रत्येक ठिकाण आधी संगणकात त्रिमिती उभारायचं, एकाच कोनातून त्याचं चित्र काढून घ्यायचं आणि मग चित्रकारांनी त्यावर हातानं रंगकाम करायचं. भेगा, शेवाळ, भिंतीवरचा धूर, सगळं ब्रशनं. खेळाडूला दिसतं ते एक स्थिर चित्र. त्यावर छोटी त्रिमिती माणसं चालतात. यात मेख होती. माणूस खांबाच्या मागं गेला तर झाकला कसा जाणार? दिवस मावळला तर चित्रातल्या सावल्यांचं काय? तंत्रज्ञांनी प्रत्येक चित्राबरोबर दुसरी, डोळ्यांना न दिसणारी माहिती साठवली: कुठला ठिपका किती खोल आहे, कुठला पृष्ठभाग कुठल्या दिशेला तोंड करून आहे. त्या माहितीच्या आधारानं सपाट चित्रावर मशालीचा उजेड पडू लागला आणि पाणी हलू लागलं. दहा वर्षांनंतरही ती चित्रं शिळी वाटत नाहीत. त्याच वर्षीचे कितीतरी महागडे खेळ आज पाहिले तर त्यातले चेहरे मेणाचे वाटतात.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे नियम परवान्याशिवाय वापरता येत नव्हते, म्हणून नियमही नव्यानं रचले. सॉयर यांचा हट्ट असा की खेळाडूनं पात्र घडवताना कुठलाही गुण टाकाऊ ठरू नये. जुन्या खेळांत मांत्रिकाला बाहुबळ देणं म्हणजे वाया घालवणं. इथं ‘माइट’ हा गुण तलवारीच्या घावालाही जोर देतो आणि मंत्रालाही. तो अंगातल्यापेक्षा आत्म्यातला जोर आहे. ईओरा नावाच्या या जगात आत्मा ही मोजता-चिरता येणारी वस्तू आहे. डिअरवुड प्रांतात मुलं आत्म्याविना जन्माला येताहेत, आणि त्यांच्या आया कोणाला तरी दोषी धरायला शोधताहेत. झाडाला लटकलेली माणसं त्या शोधातूनच आलेली. आत्म्याचा अभ्यास करणाऱ्यांना शहरात कोणी वैज्ञानिक मानतं, कोणी पापी. देव खरोखर आहेत का, आणि नसले तर माणसांना तसं सांगावं का, या प्रश्नापर्यंत गोष्ट पोचते. उत्तर इथं उघड करणार नाही.

हे सगळं शब्दांनी पेललं जातं, आणि माझ्या मते मधल्या बजेटच्या खेळाचं खरं भांडवल तेच आहे. कडा चढायचा असेल, पडकी भिंत ओलांडायची असेल, तर हालचालींची चित्रफीत बनवायला पैसे नाहीत. मग शाईच्या रेषांचं एक चित्र येतं, शेजारी दोन परिच्छेद आणि खाली पर्याय: दोर टाकायचा, हातांनी चढायचं की परत फिरायचं. संवादांतही बरंच बोलणं नुसतं लिहिलेलं. आवाज मोजक्या ठिकाणी. लेखकाला शेवटच्या महिन्यातसुद्धा वाक्य बदलता येतं. एखादा निर्णय दहा तासांनंतर कोणाच्या तरी बोलण्यात उमटवायचा असेल तर एक ओळ वाढवली की झालं. महाखेळात त्याच एका ओळीसाठी नट बोलवावा लागतो, ओठांची हालचाल जुळवावी लागते, दिवस जातात.

समीक्षकांनी आणि खेळाडूंनी ‘पिलर्स’ उचलून धरला. २०१६ च्या सुरुवातीपर्यंत सात लाखांवर प्रती गेल्या. नऊ वर्षांच्या भाड्याच्या संसारानंतर स्टुडिओला स्वतःच्या मालकीचं जग मिळालं आणि ते स्वतःच्या पायावर उभं राहिलं.

दुसरा भाग ‘डेडफायर’. त्यासाठी २०१७ मध्ये फिग नावाच्या मंचावर ४४ लाखांहून अधिक डॉलर जमले आणि मे २०१८ मध्ये तो आला. मला तो पहिल्याहून धाडसी वाटतो. सगळी गोष्ट एका द्वीपसमूहात घडते. मूळचे हुआना लोक, त्यांच्या बेटांवर डोळा ठेवून आलेल्या दोन परक्या व्यापारी कंपन्या, आणि चाचे. कंपनीचे लोक गोड बोलतात, रस्ते-गोदामं बांधून देतात आणि हळूहळू बंदर त्यांचं होतं. राजापूरच्या इंग्रज वखारीची गोष्ट शाळेत वाचलेल्या माणसाला इथं काही समजावून सांगावं लागत नाही. हुआनांची राणीही निष्पाप नाही. तिच्या राज्यात खालच्या जातींना उरलंसुरलं अन्न मिळतं. कोणाची बाजू घ्यावी, या विचारात मी दोन संध्याकाळी घालवल्या.

मात्र या वेळी सगळे संवाद आवाजी केले गेले. नामवंत आवाज आले, जहाजं आली, लढाईचा थाट वाढला. आणि खेळ विकला गेला नाही. निदान पहिल्या भागाच्या मानानं विक्री फार कमी झाली. सॉयर यांनी पुढं मोकळेपणानं लिहिलं की कारण आपल्यालाही नेमकं उमगलेलं नाही, आणि ते कळल्याशिवाय तिसरा भाग कसा करावा हे ठरवणं अवघड आहे. एवढ्या अनुभवी माणसानं चारचौघांत असं म्हणणं मला मोलाचं वाटतं. मधल्या काळात बाजारही बदलला होता. लॅरियन स्टुडिओचा ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन’चा दुसरा भाग २०१७ मध्ये येऊन लोकांच्या अपेक्षा वर घेऊन गेला होता, जुन्या आठवणींच्या ओढीनं वर्गणी देणाऱ्यांची पहिली लाटही ओसरली होती.

‘डेडफायर’नंतर सहाच महिन्यांनी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, मायक्रोसॉफ्टनं ऑब्सिडियन विकत घेतल्याचं जाहीर केलं. ज्या कंपनीनं प्रकल्प रद्द केल्यामुळं ही वाट धरावी लागली, तीच आता मालक. तोवर मायक्रोसॉफ्टनं महिन्याच्या वर्गणीत शेकडो खेळ देणारी गेम पास ही सेवा सुरू केली होती आणि तिला सतत नवे, वेगवेगळ्या आकारांचे खेळ हवे होते. या छपराखाली सॉयर यांना २०२२ मध्ये ‘पेंटिमेंट’ करता आला: सोळाव्या शतकातल्या बव्हेरियातला एक चित्रकार, एक खून, जेमतेम तेरा जणांचा मुख्य संघ. एकट्या पडलेल्या स्टुडिओला तो परवडला नसता. पण हे छप्परही भरवशाचं नाही. मे २०२४ मध्ये याच मालकानं टँगो गेमवर्क्स हा स्टुडिओ बंद करायचं ठरवलं. त्यांचा ‘हाय-फाय रश’ हा मधल्या आकाराचा खेळ वर्षभरापूर्वीच सगळ्यांनी वाखाणला होता.

ईओराचं जग फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘अव्हाउड’ या नावानं परत आलं. आता पात्राच्या डोळ्यांतून दिसणारं, चारी बाजूंनी फिरता येणारं, आलं तेव्हा ७० डॉलरचं. रंगांची उधळण सुंदर आहे, लढाई झकास आहे. माणसं मात्र कमी बोलतात आणि आपलं बोलणं कमी लक्षात ठेवतात. त्याच महिन्यात स्टुडिओच्या दोन अधिकाऱ्यांनी एका परिषदेत सांगितलं की आपल्याला शंभर वर्षं टिकायचंय. म्हणून संघ आटोपशीर ठेवायचे आणि प्रत्येक खेळ प्रचंड गाजेल असं धरून पैसे लावायचे नाहीत. आणि नोव्हेंबरात, दहा वर्षं जुन्या पहिल्या ‘पिलर्स’मध्ये आळीपाळीनं लढण्याची नवी पद्धत चाचणीसाठी खुली झाली. पूर्वी अर्ध्या मिनिटात उरकणारी चकमक आता पाच-दहा मिनिटं चालते, आणि कोणता मंत्र का चुकला हे कळतं.

‘बाल्डर्स गेट ३’नं २०२३ मध्ये जग जिंकल्यावर सॉयर यांना तिसऱ्या ‘पिलर्स’बद्दल विचारलं गेलं. तेवढं बजेट मिळालं तर करायला आवडेल, असं ते म्हणाले. कलावंताची ती इच्छा मला समजते. तरी वाचक म्हणून माझं मागणं वेगळं आहे. पहिल्याएवढेच पैसे, तेच रंगवलेले सपाट देखावे, शाईची चित्रं, आणि लेखकांना शेवटच्या आठवड्यापर्यंत वाक्य खोडायची मुभा. नावनोंदणी सुरू झाली तर पहिल्याच दिवशी मी पैसे भरेन, फक्त या वेळी तळघर चार मजल्यांवर थांबवा.