कात निघाली, डोळ्यावरचा पापुद्रा राहिला

अमेरिका-ब्रिटनमध्ये घरी साप पाळणाऱ्यांचा आवडता साप म्हणजे बॉल पायथन. घाना, टोगो, बेनिनकडचा हा बुटका, जाडसर, शांत अजगर. पोरांच्या हट्टापायी तो न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घरातही येऊन राहतो, आणि पहिल्याच हिवाळ्यात प्रश्न पडतो : अंगाची कात तर पडली, मग एक डोळा अजून धुरकट का? (भारतातल्या वाचकांनी मोह आवरावा. नाग, धामण, अजगर असा इथला साप घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे आणि बाहेरून आणलेल्या बॉल पायथनचीही सरकारदरबारी नोंद लागते.)

सापाला उघडझाप करणाऱ्या पापण्या नसतात. त्यांच्या जागी डोळ्यावर एक पारदर्शक खवला कायमचा बसलेला असतो. या खवल्याचा वरचा पापुद्रा दर कातीबरोबर निघतो आणि खाली नवा तयार असतो. पाळणारे त्याला आयकॅप म्हणतात. कात यायच्या आधी जुन्या आणि नव्या थरांमध्ये द्रव साठतो, म्हणून डोळे निळसर-दुधी होतात. कातीवर आलेल्या सापाला दिसत नाही असं गावाकडे म्हणतात, ते बऱ्याच अंशी खरं आहे. या दिवसांत साप चिडका असतो, भूकही मंदावते. त्याला हात न लावलेलाच बरा. मग डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर तीन-चार दिवसांत साप ओठ कशावर तरी घासून कात सोडवतो. उलटा काढलेला पायमोजा असावा तशी ती मागे पडते.

आता ती पडलेली कात घ्या. वाळून कडक झाली असेल तर कोमट पाण्यात भिजवा आणि डोक्याकडचा भाग उजेडासमोर धरा. दोन्ही डोळ्यांच्या जागी घड्याळाच्या काचेसारखे गोल, फुगीर पापुद्रे दिसले तर काम झालं. एका जागी नुसतं भोक असेल तर तो पापुद्रा सापाच्या डोळ्यावरच राहिलाय. मग सापाचे दोन्ही डोळे शेजारी शेजारी ताडून बघा : अडकलेला डोळा निस्तेज, राखाडी, सुरकुतलेला दिसतो आणि कधी कडेला पापुद्र्याची किनार उचललेली असते. डोळ्याला नुसता खळगा पडलेला दिसला म्हणून घाबरू नका. बॉल पायथनमध्ये तो पाणी कमी पडल्यानेही पडतो आणि आयकॅप व्यवस्थित निघालेली असते. नसलेली आयकॅप ओढायला जाऊन डोळा गमावण्याचा धोका इथेच असतो.

चिमटा का नको, हे नीट समजून घ्यावं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३मध्ये दाखवलं की या पारदर्शक खवल्यात रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. साप निवांत असताना त्या ठरावीक लयीत आकसतात आणि फुगतात. समोर धोका दिसला की त्या जास्त वेळ आकसलेल्या राहतात, म्हणजे नजर स्वच्छ राहते. कात तयार होत असताना मात्र रक्त जोरात आणि सतत वाहतं. थोडक्यात, तुम्ही ज्याला मेलेली साल समजून उपटायला निघता, तिच्याखाली जिवंत थर आहे. तो फाटला तर खालचा डोळा उघडा पडतो आणि सुकतो.

मूळ कारण बहुतेक वेळा कोरडी हवा. बॉल पायथनला एरवी ५५ ते ६० टक्के आर्द्रता लागते, कातीच्या दिवसांत ७०च्या आसपास. थंडीत हीटर लावलेल्या घरात आणि जाळीचं झाकण असलेल्या पेटीत ती सहज याच्या निम्म्यावर येते. म्हणून डिजिटल आर्द्रतामापक घ्या, आणि झाकणाचा काही भाग झाका, हवा खेळती राहील इतका मोकळा ठेवून. झाकण असलेल्या प्लास्टिकच्या डब्याला साप जाईल एवढं भोक पाडून त्यात ओलं स्फॅग्नम मॉस भरा. मॉस मुठीत घट्ट पिळलं तर थेंब पडू नये इतपतच ओलं. सगळी पेटीच चिंब केली तर पोटाचे खवले कुजतात, तो दुसरा ताप.

एवढं करून दोन-तीन दिवस थांबा. पापुद्रा आपोआप सुटतो, निदान मऊ होतो. नाही सुटला तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल हातात धरा आणि सापाला त्याच्या घड्यांतून सावकाश सरकू द्या. डोकंही त्यातून घासत जाईल. डोळ्यावर औषध नसलेल्या, नुसता ओलावा देणाऱ्या आय जेलचा थेंब टाकता येतो. माणसांसाठी आणलेले स्टेरॉइडचे थेंब मात्र अजिबात नकोत. नारळाचं तेल लावू का, हा आपला ठरलेला प्रश्न. गरज नाही, कोरड्या पापुद्र्याला पाणी हवंय, तेलाने फक्त पेटीतला भुसा चिकटतो. ओल्या कापसाच्या काडीने किनार एक-दोनदा हलकेच बाहेरच्या दिशेला लोळवून बघा. नाही निघाली तर काडी खाली ठेवा. कोवळा साप महिना-दीड महिन्याने पुन्हा कात टाकतो आणि आर्द्रता सुधारली असेल तर जुनी आयकॅप बहुधा नव्या कातीबरोबर जाते. प्रौढाला जास्त वाट बघावी लागते.

आर्द्रता बरोबर असूनही तेच घडत असेल तर गोचिडीसारख्या बारीक माइट्सचा संशय घ्या. डोळ्याच्या कडेला किंवा हनुवटीखालच्या खाचेत काळे ठिपके, पाण्याच्या भांड्यात तरंगणारे कण आणि तासन्‌तास पाण्यात बसून राहणारा साप, ही त्यांची खूण. माइट्स नेमके डोळ्याभोवतीच्या खाचेत दडतात. त्यांचा बंदोबस्त झाल्याशिवाय मॉसचा उपयोग नाही.

एकावर एक दोन-तीन कातींचे पापुद्रे साचले, डोळा सुजला किंवा आत पांढरट दिसू लागला, तोंडात जखम किंवा पू दिसला, तर सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य शोधा. खवला आणि डोळा यांच्यामधल्या जागेतला ओलावा एका बारीक नळीने तोंडात उतरतो. ती नळी तुंबली की द्रव साचून डोळा फुगतो, आणि तोंडातला संसर्ग याच वाटेने वर चढतो. अशा वेळी पशुवैद्य भूल देऊन खवल्याच्या खालच्या कडेला छोटा त्रिकोणी छेद घेतात, आतला भाग धुऊन काढतात आणि प्रतिजैविक सुरू करतात. जाताना पडलेली कात सोबत न्या, फेकू नका.